अठ्ठ्याऐंशीचं मशीन

माझा नवरा कॅजिटन, आमच्या मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, महाहट्टी माणूस. बोटीत नवं मशीन बसलं त्या दिवशी त्याने पाटीवरचा आकडा वाचला आणि भर बंदरावर आमच्या पोराला, डॅरेनला सुनावलं, "जुनं एकशे वीसचं व्हतं. तू अठ्ठ्याऐंशीचं आणलंस? ह्या खेळण्यावर मी तांडेल म्हणून न्हाय जाणार!"

झालं! उत्तन ते केवढं? दिवेलागणीपर्यंत गावभर झालं. मशीन कमजोर म्हटल्यावर खलाशी कशाला थांबतायत? खवळलेल्या दर्यातून परत कोण आणणार? दोघं तर लगेच दुसऱ्या बोटीवर गेले. डॅरेन बिचारा सांगून दमला, "पप्पा, जुन्याएवढंच हाय, दुकानात विचारून घेतलंय." पण ऐकतो कोण! सीझन तोंडावर आणि बोटीला माणसं नाहीत. पोराने जेवण सोडलं. माझा जीव नुसता तुटत होता.

घरातली गोष्ट वेगळीच होती. मीरा रोडच्या डॉक्टरने कॅजिटनला सांगितलं होतं, हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलंय, आता समुद्र बंद. "बाहेर कोणाला बोललात तर बघा," असा दम त्याने आम्हाला भरला होता. तरी मला मेलीला वाटलं, राग मशीनचाच आहे.

शेवटी आमच्या ट्रिशाने, कॉलेजात शिकते ती, डॅरेनकडून पाटीचा फोटो मागवला. बघून म्हणाली, "मम्मी, हे किलोवॅट आहेत गं! जुन्यावर हॉर्सपॉवर होती. एक किलोवॅट म्हणजे साधारण एक पूर्णांक छत्तीस हॉर्सपॉवर." मोबाईलवर गुणाकार केला. एकशे वीसला केसभर कमी.

ट्रिशाला घेऊन मी तशीच ओसरीवर गेले. कॅजिटन जाळं शिवत बसला होता.

"ऐकलंस काय? ट्रिशाने गुणून काढलं, एकशे वीसच हाय तुझं खेळणं! पोराची अब्रू घालवलीस फुकटची!"

मला वाटलं, आता भांडेल. त्याने सुई खाली ठेवली.

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "मशीन चालू केलं तवाच आवाजावरून कळलं."

"मग?"

"मी का जात न्हाय, ते लोकांना सांगायला कायतरी पायजे व्हतं ना, पॅट्रिशिया."

असा राग आला, आणि असं रडू आलं, की काय करू कळेना. तो ट्रिशाकडे बघून म्हणाला, "माझ्या पस्तीसला पण गुण की गं कशाने तरी." पोरगी तोंड फिरवून आत गेली.

सकाळी चहा न घेताच तो बंदरावर गेला. मी मागोमाग. खलाशी जमले होते, डॅरेन खाली मान घालून उभा होता.

"मशीन एकशे वीसचं हाय," कॅजिटन मोठ्याने म्हणाला. "खोटं मी बोललो. माझं हृदय थकलंय, मला दर्यात जायला मनाई हाय. आजपासून तांडेल डॅरेन."

सोडून गेलेल्यांपैकी एक जण गपचूप येऊन बोटीत चढला, त्याच्यामागून बाकीचेही. कॅजिटनने डॅरेनच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, स्वतः तांडेल झाला तेव्हा त्याच्या बापाने काढला होता तसाच. डॅरेन रडायला लागला, तर ह्याने त्याला ढकललंच, "जा, भरती थांबणार न्हाय."

बोट निघाली. मशीनचा आवाज येईनासा होईपर्यंत कॅजिटन कान देऊन उभा होता.

"बरोबर चालतंय," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. चारचौघांत कधी धरू दिला नव्हता त्याने. आज धरू दिला.