न शिकवलेले शब्द

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे मैना म्हणतात. एकदा कानावर पडलेला आवाज तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर येतो. मी लग्न होऊन घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात ही माझ्या आवाजात स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, मीठ कुठंय?" आणि सासूबाईंनी मला ऐकवलं की आमटीत दोनदा मीठ घालू नकोस. मी तर तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

त्यामुळे तिनं स्पॅनिश शिकायचं ठरवलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. पंपाचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत ती पत्रव्यवहार बघायची. स्पॅनिश येणारं माणूस हवंय, शिकून आलीस तर वरची जागा तुझी, असं साहेब म्हणाले. तिनं अडीच महिन्यांची रजा टाकली, परदेशातल्या एका उन्हाळी वर्गात नाव घातलं आणि गेली.

संस्थेनं तिची राहायची सोय एका शिंपीणबाईंच्या घरी केली होती. घरात माणसं दोनच, बाई आणि त्यांचा नवरा. तो बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करायचा, फारसा बोलायचा नाही. बाई पन्नाशीच्या, किडकिडीत, ओठांत कायम चार टाचण्या. टाचण्या न काढता त्या मैनाचे उच्चार सुधारायच्या, आणि हे कसं जमतं याचा मैना फोनवर तासभर विचार करायची.

पुढची खोली म्हणजे कारखानाच. भिंतीला कापडाचे तागे, लांब टेबलावर खडू आणि जड लोखंडी कात्री, कोपऱ्यात कापडी पुतळा, खुर्चीवर शाळेच्या गणवेशांची चळत. सकाळी नऊ ते एक वर्ग. जेवण झालं की मैना त्या खोलीत बसून गणवेशांना बटणं लावायची आणि बाईंशी बोलायचा सराव करायची. पहिले पंधरा दिवस नुसती फजिती. स्पॅनिशमध्ये 'दमले' आणि 'माझं लग्न झालंय' यांत एका अक्षराचा फरक आहे. मैना रोज वर्गातून आली की दारातच जाहीर करायची, "माझं लग्न झालंय!" बाई हसून म्हणायच्या, "आज पुन्हा? मग बस, पाणी पी."

तिसऱ्या आठवड्यात वर्गात शिक्षिकेनं वस्तूंची चित्रं दाखवली. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात त्या अंगुस्तानाचं चित्र आलं. मैना झटकन म्हणाली, "तितोला!"

शिक्षिका थांबली. "काय म्हणालीस?"

"तितोला."

"असा शब्द नाही गं. म्हणजे मी तरी जन्मात ऐकला नाही. कुठून शिकलीस?"

मैनाला वाटलं, बाईंच्याच तोंडचा असणार. घरी आल्यावर तिनं सहज विचारलं. बाईंचं मशीन थांबलं. पायाखालची पट्टी तशीच दाबलेली, पण चाक हातानं धरून ठेवलेलं. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"तुम्हीच ना?"

"मी नाही. या घरात चार वर्षांत हा शब्द कुणी उच्चारलेला नाही."

मग त्यांनी सोप्या शब्दांत, हातवारे करत सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. तीन वर्षांची असताना तिला नीट बोलता येईना, म्हणून तिनं अंगुस्तानाला हे नाव पाडलं आणि घरात तेच रूढ झालं. एकोणिसाव्या वर्षी, अशाच एका उन्हाळ्यात, दुपारी चार वाजता दोन शिवलेले झगे गिऱ्हाइकाला पोचवायला म्हणून ती घराबाहेर पडली. झगे पोचले नाहीत. तीही परत आली नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. मैना राहत होती ती मागची खोली तिचीच.

त्या संध्याकाळी मैनानं मला फोन केला. मी म्हटलं, "अगं, बाईंच्या तोंडून कधीतरी निसटला असेल. त्यांना आठवत नसेल, तुझ्या कानानं टिपला. तुला काय नवीन आहे का ते?"

"तसंच असेल," ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिचं स्पॅनिश धावायला लागलं. वर्गात शिक्षिकेनं भूतकाळ अजून काढलाही नव्हता, आणि ही भूतकाळात बोलायची. शिक्षिका आधी खूश झाली, मग बुचकळ्यात पडली. म्हणाली, "तू शब्दाच्या शेवटचा स गिळतेस. या गावच्या जुन्या वस्तीतली माणसं गिळतात तसा. मी तर असं शिकवत नाही." कोपऱ्यावरच्या फळवालीची हिच्याकडे पाठ होती. हिनं मागून पीच मागितले, तर ती कुणाचं तरी नाव घेतच वळली. हिचा चेहरा बघून तिच्या हातातला तराजू कलंडला आणि पीच फुटपाथभर घरंगळले. तिनं ते गोळाही केले नाहीत.

"वहिनी," मैना मला म्हणाली, "माणूस आधी मनात जुळवतो आणि मग बोलतो ना? माझं उलटं झालंय. वाक्य आधी तोंडात येतं. अर्थ मागून येतो. कधीकधी येतच नाही."

मी म्हटलं, "परत ये."

"कोर्स अर्धा झालाय. साहेबांना काय सांगू? भाषा फार चांगली यायला लागली म्हणून परत आले?"

आम्ही दोघी हसलो, पण माझा रात्रभर डोळा लागला नाही.

बाई बदलल्या होत्या. आता त्या तिचे उच्चार सुधारत नव्हत्या. मशीनवर कापड ठेवून नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. गणवेशांची चळत कमरेपर्यंत आली. एके दिवशी सकाळी कॉफी पिताना बाईंच्या नवऱ्यानं, तिला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, सांगितलं, "पोरी, तू वसतिगृहात जा. मी संस्थेत बोललोय. माझी बायको काम करत नाही, जेवत नाही. तू बोलायची वाट बघत बसते. हे तुझ्यासाठी बरं नाही. आमच्यासाठी तर नाहीच."

मैनाला सुटल्यासारखं झालं. दुपारी वर्गावरून येऊन तिनं बॅग भरली आणि निरोप घ्यायला पुढच्या खोलीत गेली. बाहेर रणरणतं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवरा कामावरून लवकर येऊन दारातच उभा होता, तिची बॅग उचलायला.

बाई उठल्या. मैनाच्या समोर उभ्या राहिल्या आणि तिच्याशी कधीच बोलल्या नव्हत्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तू कुठून गेलीस?"

"पुरे," नवरा म्हणाला. "पुरे झालं."

"एकदाच. मला एकदाच विचारू दे."

मैना सांगते, की त्या क्षणी तिच्या जिभेवर उत्तर आलं. अख्खं. घास तोंडात असावा तसं, वजनदार. तिनं दात घट्ट मिटले. आपण तोंड उघडलं नाही तर आपण इथून निघू शकतो, हे तिला पक्कं कळत होतं. दार चार पावलांवर होतं. पण समोर बाईंच्या बोटांत हातशिलाईची सुई तशीच होती, तिचं टोक बोटात रुतलेलं आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

मैनानं तोंड उघडलं.

किती वेळ बोलली ते तिला सांगता येत नाही. मिनिटभर असेल. आवाज तिचाच होता, कुणाची नक्कल नव्हती. म्हणजे नक्कल कशी करायची ते तिला माहीत होतं, आणि हे ते नव्हतं. त्या सगळ्यातले तीनच शब्द तिला समजले : विटा, पाणी आणि आई. 'आई' दोनदा आलं.

बोलणं संपलं तेव्हा बाईंचा नवरा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला होता. बाई रडल्या नाहीत. त्यांनी मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं, चपला घातल्या, नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं उन्हात निघून गेली. मैना संध्याकाळपर्यंत त्या खोलीत एकटी बसून राहिली. तिच्या घशाला कोरड पडली होती, पण पाणी प्यावंसं वाटत नव्हतं.

वस्तीच्या मागे एक बंद पडलेली वीटभट्टी होती. माती काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, त्यांतल्या एकावर फळ्या टाकलेल्या. गिऱ्हाइकाकडे जायची ती जवळची वाट. बाईंची पोरगी फळ्यांवरून गेली आणि एक फळी मोडली. कुणाचा दोष नाही, कुणी मारलं नाही, कुणी पळवलं नाही. मैना बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी उपसल्यावर पोलिसांना ती सापडली, आणि झग्यांची पिशवीही. तुम्हाला कसं कळलं, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "स्वप्नात दिसलं." पाहुण्या मुलीचं नाव त्यांनी कुठंच येऊ दिलं नाही. हे सगळं मैनाला शिक्षिकेकडून कळलं, आणि तेही इंग्रजीतून.

कारण त्या दुपारनंतर मैनाचं स्पॅनिश गेलं. नुसता भूतकाळ नाही, सगळंच. पहिल्या पंधरा दिवसांत घोटलेले आकडे, वारांची नावं, 'मला पाणी द्या', काहीच राहिलं नाही. परीक्षेत तिनं कोरा कागद दिला. शिक्षिकेनं काही न विचारता तो घडी करून ठेवून दिला.

निघायच्या दिवशी बाई वसतिगृहाच्या फाटकाशी आल्या. बराच वेळ बोलल्या. मैनाला त्यातलं अक्षर कळलं नाही, नुसता सूर कळला. बोलता बोलता बाईंनी तिच्या कुडत्याचं लोंबणारं बटण पाहिलं, पिशवीतून सुईदोरा काढला आणि रस्त्यातच उभ्या उभ्या ते लावून दिलं. दोरा दातांनी तोडला. मग गेल्या.

साहेबांनी वरची जागा दुसऱ्याला दिली. मैना अजून त्याच टेबलावर आहे. गेल्या वर्षी तिनं जर्मनचा वर्ग लावला, गावातच, शनिवार-रविवार. भयंकर सावकाश शिकतेय. रविवारी वही घेऊन माझ्याकडे येते आणि लाल शाईनं भरलेली पानं दाखवते.

"बघ वहिनी," म्हणते, "सतरा चुका. सगळ्या माझ्याच."