धनी येईपर्यंत

लिंबाजीनं ईरण्णाला धरलं ते शनिवारी भर दुपारी, तेलाच्या डब्यासकट. बाबूरावांच्या तेलगिरणीत जेवणाची सुट्टी झाली होती. हमाल लिंबाखाली भाकरी सोडून बसले होते, आणि हा गडी अंगावर घोंगडं, घोंगड्याखाली डबा, असा फाटकातून निघाला होता. चैतातल्या उन्हात घोंगडं पांघरलेला माणूस आंधळ्यालाही दिसला असता.

"काय रं ईरण्णा, थंडी वाजती व्हय?"

ईरण्णा नळदुर्गाकडचा, निम्मं कानडी बोलणारा. तो तिथंच मटकन बसला. "मामा, चुकलं. सोडा एकडाव."

लिंबाजी सोडणारा नव्हता आणि मारणाराही नव्हता. त्याची बावीस वर्षं एका जहागीरदाराच्या देवडीवर पहाऱ्यात गेली होती. तिथली रीत ठरलेली. चोर सापडला की कोठडीत घालायचा, वेळच्या वेळी खाऊ घालायचा आणि धनी परगावाहून आले की समोर उभा करायचा. धन्यानं बघायच्या आत चोर दुसऱ्याच्या हवाली करणं ही नमकहरामी. पुढं जहागिऱ्या गेल्या, निजाम गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला. पण गिरणीवर पहाऱ्याची नोकरी लागली तेव्हा बाबूरावांनी त्याला पट्टा दिला, पट्ट्यावर बिल्ल्यासारखी पितळी चपरास दिली. लिंबाजीला वाटलं, धनी तेवढा बदलला.

बाबूराव सोलापूरला गेले होते, ते सोमवारी येणार होते. लिंबाजीनं ईरण्णाला पेंडीच्या खोलीत घातलं, पाण्याची घागर ठेवली आणि कुलूप लावलं.

गिरणीचे कारकून विष्णुपंत चष्मा पुसत बाहेर आले. "लिंबाजी, धरलंत ते ठीक केलंत. पण आता ठाण्यावर पोचवा त्याला. आपल्याला ठेवून घेता येत नाही."

"धनी आल्यावर पोचवू की, पंत."

"तोवर दोन दिवस जातील."

"जाऊ द्या की. पळतोय कुठं?" लिंबाजी हसला. "तुमी पावत्या बघा, चोर मी बघतो."

ठाणं एक चिलीम ओढून होईपर्यंतच्या वाटेवर होतं. पंतांना आणखी बोलायचं होतं, पण हमाल बघत होते. ते आत गेले.

लिंबाजीच्या घरून त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, दोघांपुरतं जेवण द्यायला सुरुवात केली. रविवारी तिनं पिठल्यावर तेल जास्त घातलं. "कुणाचा का असंना, कोंडलेला जीव हाय," म्हणाली. ईरण्णा दाराच्या फटीशी बसून जेवायचा आणि लिंबाजी बाहेर. "मामा, तुमच्या घरची भाकरी लई मऊ," तो म्हणायचा. लिंबाजी म्हणायचा, "खा. धन्यापुढं तोंड सुकलेलं दिसाया नको."

सोमवारी दुपारी फाटकाशी जीप थांबली. ईरण्णाची बायको रुद्रम्मा दोन दिवस नवरा हुडकत होती; तो गिरणीत कोंडलाय हे कळल्यावर शेवटी ठाण्यावर गेली होती. फौजदारानं कुलूप काढायला लावलं.

"चोर हाय, साहेब. धन्याला दाखवून तुमच्याकडंच आणणार होतो."

"तू कोण दाखवणार? कोठडी चालवतोस काय इथं?"

तेवढ्यात बाबूरावही आले. लिंबाजीचा जीव भांड्यात पडला. तो पट्टा सारखा करून पुढं झाला. बाबूरावांनी फौजदाराकडं बघितलं, पेंडीच्या खोलीकडं बघितलं. "मी कधी सांगितलं याला माणूस डांबून ठेव म्हणून? माझी डब्याबद्दल काही तक्रार नाही, साहेब."

चोरी तिथंच मिटली. डांबल्याचा खटला मात्र उभा राहिला.

लिंबाजीची भिस्त होती ती ईरण्णावर. कोर्टाच्या पायरीवर ईरण्णानं त्याचे पाय धरले होते. "मामा, मी तुमचं चांगलंच सांगतो. लेकरांची आन."

आणि त्यानं चांगलंच सांगितलं. "साहेब, मामानं बोट लावलं न्हाय. पाचदा जेवू घातलं. शनिवारी दोनदा, रविवारी दोनदा, सोमवारी न्याहारी. पिठल्यावर तेल बी होतं."

कोर्टाच्या कारकुनानं एकेक जेवण वारासकट लिहून घेतलं. विष्णुपंतांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "होय. ठाण्यावर न्यायला सांगितलं होतं मी. एकदाच." लिंबाजीला त्यांचा राग आला नाही. खोटं बोलायचं त्या माणसाच्या अंगातच नव्हतं.

मॅजिस्ट्रेट तरुण होते, समजावून सांगणारे. "डोळ्यांदेखत चोरी झाली तर कुणालाही चोर धरता येतो. पण धरला की लगेच पोलिसांच्या हवाली करायचा; तुम्ही पाच जेवणं होईपर्यंत ठेवून घेतला. पहारेकरी म्हणून तुम्हाला याहून जास्त अधिकार नाही."

"मग ह्यो पट्टा, साहेब?"

"तो मालकानं दिलेला. सरकारनं नव्हे."

"म्हंजी रस्त्यावरचा माणूस आन् मी सारखेच?"

"कायद्यापुढं, होय."

एक महिन्याची साधी कैद झाली. लिंबाजीनं पट्टा सोडून बाबूरावांच्या माणसाकडं दिला. त्यानं तो गुंडाळून पिशवीत टाकला.

सुटून आला तेव्हा गिरणीच्या फाटकावर दुसरा माणूस होता. कळंबच्या अडतवाल्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं. सजा झालेल्याच्या हाती कुलूप कोण देणार? भूमला एकानं ठेवतो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणून निरोप धाडला. मथुराबाई रोजानं खुरपायला जाऊ लागली.

आषाढातल्या एका बाजारी लिंबाजी रस्त्याच्या कडेला बसला होता. एका म्हातारीचं गठुडं उचलून एकजण धावत सुटला, तो नेमका त्याच्याच अंगावरून. हात लांबवला असता तर धोतराचा सोगा हाती आला असता.

"अवो लिंबाजी, धरा की त्याला!" पानवाला ओरडला. "बावीस वर्षं काय माशा मारल्या का देवडीवर?"

लिंबाजीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. म्हातारी बोंबलत, पडत-झडत पुढं गेली. "मी कोण धरणार?" तो म्हणाला. पानवाल्याला ते ऐकू गेलं नाही. बाजार उठेपर्यंत लिंबाजी तसाच बसून होता.