उपाशी पेशींच्या फेऱ्या

बाबा गेल्यानंतर मी प्रयोगशाळेत परतले, तेव्हा माझा मायक्रोस्कोप दुसऱ्या गटाला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. माझी पद्धत मेलेल्या पेशींनाही जिवंत म्हणत होती.

रक्तातली तांबडी पेशी सतत थरथरते. मेलेलीही थरथरते, कारण भोवतालच्या पाण्याचे कण तिला धक्के देतच असतात. पण जिवंत पेशी साखर जाळते आणि त्या थरथरीला दिशा येते. तिच्या कडेवरचे दोन बिंदू धरून त्यांच्या हालचालीचा आलेख काढला, की रेघ एकाच बाजूने फेऱ्या घालते. फिल्म उलटी चालवली तर फेऱ्याही उलटतात. मेलेल्या पेशीची फिल्म सुलटी बघा की उलटी, फरक कळू नये. बाबांना हे चटकन समजलं होतं. लग्नाची फिल्म ते मुद्दाम उलटी लावायचे. मामा तोंडातले घास काढून ताटात नीट मांडायचा आणि आम्ही हसून लोळायचो.

उपाशी ठेवून मारलेल्या माझ्या पेशी मात्र मजेत फेऱ्या घालत होत्या.

पेशी तयार करायचा तो माझा सहकारी. दुपारी खुर्चीतच डुलक्या घेतो, म्हणून सगळे त्याला बोका म्हणतात. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभी राहून पाहिलं. शेवटी त्याने पेशी बेसिनजवळच्या मोठ्या बाटलीतल्या द्रावणाने धुतल्या. आमच्याकडे सगळं त्याच द्रावणाने धुतात. त्यात काय असतं, मी विचारलं. नेहमीचंच, तो म्हणाला, मीठ, थोडी साखर... आणि थांबला.

"म्हणजे मी यांना उपाशी ठेवून, निघताना जेवायला घालत होतो."

नव्या पेशी आम्ही नुसत्या मिठाच्या पाण्याने धुतल्या. दुसऱ्या दिवशी आलेखात रेघेचा नुसता गुंता होता, ना या बाजूचा ना त्या. आमच्या प्रमुख बाईंनी फिल्म सुलटी-उलटी पाहिली, कुठली सुलटी ते ओळखायला गेल्या आणि चुकल्या. चुकल्यावर इतकं खूश झालेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं.

"तुझी पद्धत खरं तेच सांगत होती, आधीच्या पेशी मेल्याच नव्हत्या," त्या म्हणाल्या. "आपणच तिचं ऐकत नव्हतो. मायक्रोस्कोप राहू दे तुझ्याकडे."

आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जिवंत ते जिवंत आणि मेलेलं ते मेलेलं. एवढं कळायला पगार देतात तुला?"

हो, म्हटलं, वेळेवर देतात. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, बाबांनी हे सांगून सांगून शेजाऱ्यांना वीट आणला असता.