काच बसवायला दोघं लागतात

भीमराज सोनकांबळेला कंपनी पावसात बसण्याचा पगार द्यायची. थट्टा नाही, खरंच. बसगाड्या तयार झाल्या की एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या करत, चहूबाजूंच्या नळांनी त्यांच्यावर वीस मिनिटं पाण्याचा मारा करत, आणि तेवढा वेळ एक माणूस दारंखिडक्या लावून आत बसून राही. हातात बॅटरी आणि खडू. पाणी जिथून झिरपेल तिथं खडूची खूण करायची. बाहेर पाण्याचा असा धडाका चाले की आतल्याला कोणी हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. भीमराजची त्यामुळे काही अडचण झाली नाही. दोन वर्षांत त्याला कोणी हाक मारलीच नव्हती.

त्याआधी अकरा वर्षं तो काचा बसवायचा. एकटा नव्हे, खंडूबरोबर. बसची पुढची काच एकट्याच्यानं बसत नाही. काचेच्या कडेनं रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, बाहेरच्यानं काच चौकटीला टेकवून धरायची आणि आतल्यानं ती दोरी सावकाश ओढत जायची, म्हणजे रबराची ओठासारखी कड पत्र्यावर उलटून घट्ट बसते. आतला ओढेल तिथंच बाहेरच्यानं तळहातानं थोपटायचं. दोघांच्या मध्ये काच, शेजारी ठोकाठोकी, त्यामुळे तोंडानं बोलून उपयोग नाही. एकमेकांच्या तोंडाकडे बघत काम करायचं. अकरा वर्षं रोज सात-आठ तास भीमराज आणि खंडूनं एकमेकांची तोंडं पाहिली होती. एवढं बायकोचंही कोणी बघत नाही, असं डिपार्टमेंटमधले चिडवायचे, आणि ते दोघं हसून सोडून द्यायचे.

मग सत्याहत्तरचा संप झाला. त्रेचाळीस दिवसांचा. एकतिसाव्या दिवशी भीमराज मागच्या गेटनं कामावर गेला. त्याच्या बायकोच्या, चतुराबाईच्या, पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशनला कंपनीचं पत्र लागत होतं, आणि साहेबानं सांगितलं होतं की पत्र हजेरीवरच्या माणसाला मिळेल. पत्र मिळालं. ऑपरेशनही झालं. नवव्या दिवशी चतुराबाई गेली आणि तिच्यानंतर तीन दिवसांनी संप मिटला. स्मशानात चार नातेवाईक आणि खंडू. खंडू लांब बाभळीखाली उभा राहिला, धूर निघाल्यावर मान खाली घालून निघून गेला. संप मिटल्यावर युनियनच्या कमिटीनं ठरवलं की आत गेलेल्यांशी कोणी बोलायचं नाही. असे एकूण चौदा जण होते. बाकीचे तेरा नोकरी सोडून गेले, कोणी गावाला, कोणी भोसरीत. भीमराज राहिला, कारण जायला गाव म्हणावं असं त्याला काही उरलं नव्हतं. त्याच्यासोबत काच धरायला कोणी तयार होईना, तेव्हा साहेबानं त्याला पाण्याच्या शेडमध्ये टाकलं. तिथं एकटा माणूस चालतो.

तर अशा माणसाच्या दारात एका सोमवारी संध्याकाळी खंडूची बायको चिमाबाई येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. निगडीहून बसनं आली होती, छत्रीचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. आपल्या मुलीचं, यशोधराचं, लग्न गुरुवारी आहे, असं तिनं सांगितलं. भीमराजला ते माहीत होतं. कंपनीत कोण कुणाशी बोलतं ते ऐकायला बंदी नव्हती. बौद्ध पद्धतीचं लग्न, मुहूर्त-बिहूर्त बघायचा नव्हता, म्हणून भर पावसाळ्यातला, पण कारखान्यांच्या सुट्टीचा वार धरला होता. यशीला चतुराबाईनं पाच वर्षांची असल्यापासून वेण्या घातल्या होत्या. पोटी मूल नसलेल्या त्या नवरा-बायकोनं तिच्या लग्नाचे बेत खंडूच्याही आधी केले होते. आता पत्रिका येईल का, एवढ्या एका गोष्टीवर भीमराजचा महिना चालला होता, आणि ती आली नव्हती.

पण चिमाबाई पत्रिका घेऊन आली नव्हती, गाडीचं गाऱ्हाणं घेऊन आली होती. खंडूनं देहूरोडच्या लिलावातून लष्कराची एक जुनी व्हॅन घेतली होती, सुट्टीच्या दिवशी चाकणच्या बाजारातून कांदे आणायला. तिची पुढची काच गळत होती. डांबर भरून झालं, पुट्टी भरून झाली, दोन मेस्त्री बघून गेले, तरी डावीकडे बसणाऱ्याच्या मांडीवर पाणी पडायचंच, आणि तेही गंजाचं, तांबडं. नवरी तिथंच बसणार. अंगावर पांढरं लुगडं. यांनी पाठवलं नाही, मी आपल्या मनानं आले, असं ती म्हणाली.

"उद्या येतो," भीमराज म्हणाला.

रात्री त्याला आनंदानं झोप लागेना. काच बसवायला दोघं लागतात. म्हणजे खंडूला समोर उभं राहावंच लागणार, आणि समोर उभा राहिलेला माणूस किती वेळ गप्प बसेल? पत्रिका काय, कागदच तो. खंडू तोंडानं नुसतं ये म्हणाला तरी पुरे. एवढ्या साध्या हिशेबावर भीमराजनं सगळं लग्न मनात जेवून घेतलं.

मंगळवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर त्यानं पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून नवं रबर घेतलं आणि निगडी गाठली. खंडू दारातच होता. भीमराजला पाहून तो एकदम उठला, चिमाबाईकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. भीमराजनं ती उचलली. सुरुवात वाईट नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं.

सगळ्यांनी डांबर डावीकडे खाली भरलं होतं, कारण पाणी तिथं दिसत होतं. शेडमध्ये दोन वर्षं बसून भीमराजला एक गोष्ट पक्की कळली होती की पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडेच. त्यानं काचेच्या आतल्या कडेनं सगळीकडे कोरडा खडू फासला, चिमाबाईला वरून बादली ओतायला सांगितली आणि आत बसून बघत राहिला. उजवीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात खडूवर बारीक ओली रेघ उमटली. ती रबराच्या खालून चौकटभर फिरून डावीकडे उतरत होती. त्यानं काच उतरवली. कोपऱ्यातला पत्रा लष्करात कधीतरी आपटून चेपला होता आणि तिथं गंजून भोक पडलं होतं. पत्रा ठोकून सरळ केला, भोक शिशानं बुजवलं, वर गंज न धरणारा तांबडा रंग लावला. खंडू मागितल्याशिवाय हातोडी देत होता, पाना देत होता. पूर्वीही असंच द्यायचा. फक्त तेव्हा सोबत बडबड असायची.

रंग वाळायला रात्र गेली. बुधवारी काच बसवायची होती. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, यशी मावशीकडे हळदीला गेली होती. भीमराज आत बसला, खंडूनं बाहेरून काच धरली. रबराला साबणाचं पाणी लावलं होतं. भीमराजनं दोरी ओढायला सुरुवात केली आणि खंडूचा तळहात तिच्या मागोमाग सरकू लागला. दोन वर्षांत एका बोटाचाही फरक पडला नव्हता. खंडूच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डावा डोळा बारीक करायची सवय तशीच होती. काचेतून तो भीमराजकडे बघत होता, कारण बघितल्याशिवाय काम होत नव्हतं. हे काम संपूच नये, असं भीमराजला वाटलं, आणि त्यानं दोरी जरा जास्तच सावकाश ओढली. खंडूला ते कळलं. तोही घाई न करता थोपटत राहिला.

पण काचेला कड किती असणार? दोरीचं टोक हातात आलं. मग खंडूनं पाइप लावून तासभर पाणी मारलं. भीमराज डावीकडच्या सीटवर बसून राहिला, जिथं उद्या यशी बसणार होती. एक थेंब आला नाही.

तो खाली उतरला. चिमाबाई चहा टाकायला आत गेली होती. खंडू पाइप गुंडाळत होता. पाठमोराच होता.

"भीमराज," तो म्हणाला.

भीमराजला वाटलं, आलं बोलावणं.

"उद्या येऊ नको."

पाइपचं वेटोळं झालं तरी खंडू ते परत परत सारखं करत होता. "पोराचा बाप कमिटीत हाय. तू मांडवात दिसलास, तर ते उठून जातील. पोरीचं लगीन हाय, भावा. माझं असतं तर म्या कुणाला भ्यालो नसतो."

हे खरं की खोटं, याचा विचार भीमराजनं पुढं पुष्कळ केला. त्या वेळी मात्र त्याला फक्त शेवटच्या आधीचं वाक्य ऐकू आलं होतं. दोन वर्षांनी कोणी त्याला भावा म्हटलं होतं, आणि ते असं.

"न्हाई येत," तो म्हणाला. मग आणखी काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "उद्या दार आपटू नका. आतल्या हवेचा काचेवर दाब बसतो. रबर अजून ओलं हाय."

"व्हय."

चहा त्यानं घेतला. न घेता निघाला असता तर चिमाबाईला कळलं असतं.

गुरुवार सुट्टीचा. सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. खोलीत बसवेना. लग्न दापोडीला मुलाकडे होतं, वऱ्हाड निगडीहून निघणार, म्हणजे पिंपरी चौकावरून जाणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. बघायला काय हरकत आहे, रस्ता काही खंडूच्या बापाचा नाही, असं म्हणत तो छत्री घेऊन चौकातल्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला. धुतलेला सदरा घातला होता. का घातला, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

साडेदहाला व्हॅन आली. मागं-पुढं माणसं ठासून भरली होती, पावसामुळे खिडक्या झाडून सगळ्या लावलेल्या. स्टॉपसमोरून ती सावकाश पुढं गेली, आणि वीस-पंचवीस पावलांवर रस्त्याच्या कडेला थांबली.

खंडूनं बघितलं, भीमराजला वाटलं. नाहीतर यशीनं बघितलं, आणि बापाला गाडी थांबवायला लावली. पोरगी लहानपणापासून हट्टी. त्यानं छत्री मिटली आणि चिखलातून पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, वहाण एका पायातून सुटली, ती हातात घेतली. हे बघ, मांडवात येत नाही, दारातूनच परत फिरतो, हे वाक्यसुद्धा पळता पळता त्यानं तयार केलं.

गाडीच्या तोंडाशी पोचला तेव्हा त्याला दिसलं. पुढच्या काचेवर आतून वाफ धरली होती, पार पांढरी. इतक्या माणसांचे श्वास, आणि हवा आत-बाहेर व्हायला कुठं फट उरली नव्हती. खंडू पुढं वाकून फडक्यानं काच पुसत होता. पुसलेल्या जागेतून यशीच्या मांडीवरचं पांढरं लुगडं दिसलं, स्वच्छ, कोरडं. तिच्या बाजूची खिडकी धुक्यासारखी झाली होती. तिनं बाहेर पाहिलं असेल, तरी तिला एक ओला माणूस सोडून काही दिसलं नसेल. खंडूनं फडकं ठेवलं, गिअर टाकला, आणि गाडी दापोडीकडे निघून गेली.

भीमराज तिथंच उभा राहिला. मग वहाण पायात घालून परत स्टॉपवर आला, कारण पळत गेलेल्या माणसाला कुठं तरी परत यावंच लागतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आपुलकीनं विचारलं, काय हो, तुमच्यासाठी थांबली होती ना गाडी? मग बसला का नाहीत?

"न्हाई," भीमराज म्हणाला, "काच पुसायला थांबली होती."