पुलावर मावशी

साहेबांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्या दस्त्याला बांधलेली चिठ्ठी पेनाच्या टोकानं सरळ केली.

"ओळखतोस?"

"सासू," सुतार बोलून गेला.

कोपऱ्यात टाइप करणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली.

"नंबर विचारला. नातं नाही."

सुतारानं वाकून चिठ्ठी वाचली. चारशे सतरा. दोन वर्षं हिच्याच बाजूला झोपला, पण हिचा नंबर त्याला आज कळत होता. नंबर ज्याचा त्याला पाठ. दुसऱ्याची रायफल सगळे नावानंच ओळखायचे.

तुकडीत बारा जण आणि बारा रायफली. एकाच कारखान्यातून, एकाच पेटीतून आलेल्या, तरी एकीचा स्वभाव दुसरीला नाही. बहिरीचा खटका दोनदा ओढावा लागायचा. नकटीचं पुढचं टोक तुटलेलं. सासू शिंप्याच्या वाट्याला आली होती. ती खांद्यावर असा टोला द्यायची की आठवडाभर काळंनिळं, आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला हमखास अडून बसायची. सुताराची होती ती मावशी. चिखल असो, बर्फ असो, मावशी कधी अडली नाही. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणत पोरं येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची.

म्हणून तुकडीचा एक कायदा होता. पुलावरच्या चौकीत एकटाच माणूस असतो. कितीही ओरडला तरी ऐकायला कुणी नाही. तेव्हा ज्याची पुलावर पाळी, त्यानं मावशी न्यायची. त्या दिवशी त्याची रायफल सुताराकडे.

हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते उलटं: आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात दिलं तर कोठडी.

चार दिवसांपूर्वी पुलावर शिंपी मरून पडलेला सापडला. बाजूला दोन रिकामी काडतुसं. तिसरी गोळी सासूच्या घशात अडकलेली.

"आतून गंजलीय. साफ करत नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"रोज करायचा, साहेब. साफ केली तरी अडते ती."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"मग लेखी तक्रार का नाही?"

काय सांगणार? तक्रार केली की रायफल तीन महिने कारखान्यात, आणि ज्याची रायफल गेली त्याच्या हातात फावडं, संडासाचे खड्डे खणायला. शिवाय तक्रार करायची गरज कुणाला होती? पुलावर मावशी जाते ना.

सुतारानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"साहेब, पुलावर ही जायचीच नव्हती. माझी जायची होती. मी दिली नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कारकुनाकडे न बघता म्हणाले, "तू चहा पिऊन ये."

कारकून गेला. दार लागल्याचा आवाज आल्यावरच साहेब बोलले.

"अदलाबदल करत होता तुम्ही?"

"हो, साहेब."

"कधीपासून?"

"मी यायच्या आधीपासून चालू आहे."

"म्हणजे माझ्याही आधीपासून." साहेब उठून खिडकीशी गेले. चौकशी त्यांचीच आणि कंपनीही त्यांचीच. "हे मी ऐकलं नाही आणि तू बोलला नाहीस. लिहिलं तर तुम्ही अकराच्या अकरा आत जाल, आणि तुमच्यामागून मी. मेलेला काही उठून येत नाही."

"मग त्याच्या नावावर काय लागणार?"

"चारशे सतरा त्याची होती. तिची निगा त्याच्याकडे."

"म्हणजे निष्काळजीपणा?"

"त्याला आता काय फरक पडतो?"

"बाहेर त्याचा भाऊ बसलाय, साहेब."

"म्हणून तर लवकर सही कर."

साहेबांनी आधीच टाइप करून ठेवलेला कागद पुढं सरकवला. सुतारानं सही केली.

तो लगेच बरॅकीत जाऊ शकला असता. गेला नाही. नळाशी उभा राहून तीनदा हात धुतले. तेवढ्यात चहा पिऊन आलेल्या कारकुनानं कागदाची प्रत काढून बाकावर बसलेल्या भावाच्या हातात दिली, सही घेतली आणि आत गेला.

भाऊ थोरला होता. बेकरीत कामाला, नखांच्या कडांना पीठ बसलेलं. कान मात्र थेट शिंप्याचे. डोक्यापासून सुटून निघालेत असे वाटणारे. कागद वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"तुम्ही सुतार ना?"

"हो."

"वाटलंच. दर पत्रात असायचा तुम्ही. ती तुमची मावशी पण. आई अख्ख्या गल्लीला सांगायची, पोरगा पुलावर एकटा नसतो, मावशी असते बरोबर." तो जरासा हसला आणि कागदावर बोट ठेवलं. "यात लिहिलंय, हत्याराची निगा राखली नाही. आता गबाळा होता तो, मी नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या जिवाशी खेळेल इतका येडा नव्हता. आईला काय वाचून दाखवू? आणि मावशी होती ना? मग ती कशी अडली?"

"ती माझ्याकडे होती."

"तुमची पाळी होती?"

"पाळी त्याचीच होती. मी दिली नाही."

भावानं कागदाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी.

"का?"

चार दिवस सुतार याच प्रश्नाची तयारी करत होता. तीन उत्तरं तयार होती. छावणीवर हल्ला होणार अशी बातमी होती. शिंप्यानं दुसऱ्यांदा मागितली नाही. आणि तिसरं, मी चेष्टा करत होतो. हे तर अकरा जणांनी ऐकलं होतं: "आज सासूबरोबरच जा लेका, थोडा सासुरवास होऊ दे." सगळे खो-खो हसले होते. शिंपीही हसला होता, सासूला कडक सलाम ठोकून तिला खांद्याला लावून निघून गेला होता. तिन्ही उत्तरं खरी होती, आणि तिन्ही आत्ता जिभेवर येईनात.

"मागच्या पाळीहून आला तेव्हा," सुतार म्हणाला, "मावशी तशीच चिखलासकट भिंतीला टेकवून झोपला. पुसलीपण नाही. तिचा दस्ता मी स्वतः घासला होता. तेल पाजलं होतं. माझं डोकं फिरलं."

एवढंच होतं. बोलून झाल्यावर ते आणखीनच लहान वाटलं.

मैदानात कुणीतरी नव्या पोरांकडून पावलं मोजून घेत होतं. एक-दो, एक-दो. एकाचं पाऊल सारखं चुकत होतं आणि त्याला आईवरून शिव्या पडत होत्या.

"घरीपण हेच," भाऊ म्हणाला. "माझी सायकल न्यायचा आणि चिखलानं माखलेली आणून दारात आडवी टाकायचा. रोज भांडण. मला पहाटे कामावर जायचं असायचं, आधी अर्धा तास ती धुवायला. एकदा तर कानाखाली पण काढली होती मी."

त्यानं कागद वरच्या खिशात सरकवला, गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"पण द्यायचो," तो म्हणाला.