हनोख मास्तरांची हरकत

हनोख मास्तरांचा उजवा हात मी मोडला. चौऱ्याण्णव साली, नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी, आमच्या उचगावच्या देवळात. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आईबापानं माझं नाव शांतवन ठेवलं होतं, म्हणजे दुःखात धीर देणारा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

भांडण होतं मंडळीचा, म्हणजे देवळातल्या समाजाचा, कारभार बघणाऱ्या पंचांच्या निवडणुकीचं. कोल्हापूरकडं तालमीवरून डोकी फुटतात, दूध संस्थेवरून फुटतात, आणि पंचांवरून आमचीही फुटतात. फरक एवढाच, की आमच्या मारामारीआधी प्रार्थना होते. त्या दिवशी माझा चुलता तीन मतांनी पडला. चिठ्ठ्या मोजल्या हनोख मास्तरांनी. ते शाळेत शिकवायचे आणि उपासनेत पेटी वाजवायचे. कुणीतरी माझ्या कानाला लागलं, मास्तरांनी चार चिठ्ठ्या पेटीखाली सारल्यात. मी एकवीस वर्षांचा, अंगात रग, मला निमित्तच हवं होतं. मास्तर सतरंजीवर बसून पेटीचा भाता मिटत होते. मी ती पेटी दोन्ही हातांनी उचलली.

खाली एकही चिठ्ठी नव्हती. सतरंजी होती आणि त्यावर टेकलेला मास्तरांचा हात होता. ते मला स्पष्ट दिसलं. दिसल्यावरही मी पेटी खाली आणली.

हाडांचा आवाज आणि सुरांचा आवाज एकदमच झाला. मास्तर तोंड वासून हाताकडं बघत राहिले. चार बोटांचा चेंदा झाला होता.

पोरगं अफवेला भुललं, अशी लोकांनी समजूत करून घेतली. मीही तेच सांगत राहिलो. मास्तरांनी पोलिसांत तक्रार दिली नाही, त्याचा मला उलट रागच आला. मंडळीनं मला प्रभुभोजनाच्या मेजावरून काढलं, म्हणजे भाकरीचा तुकडा नाही आणि द्राक्षारसाचा घोटही नाही. मी म्हटलं, तुमच्या घोटावाचून माझं काय अडतंय.

बरीच वर्षं अडलं नाही. कोल्हापुरात अमरसिंह नावाच्या एकाच्या पदरी राहिलो. तो जागा विकत घ्यायचा आणि आत बसलेली माणसं निघत नसली की मला धाडायचा. मी लोखंडी पाइप घेऊन जायचो. किती गुडघे फोडले, आठवत नाही, आणि हे न आठवणंच मला आता सगळ्यात वाईट वाटतं. पहिल्या वर्षी कामगिरीवर जाताना लहानपणीचं एखादं गीत आपोआप ओठांवर यायचं. मी थुंकून टाकायचो. मग ते यायचंच बंद झालं.

दोन हजार तीनमध्ये गडहिंग्लजला एक दुकान खाली करायचं होतं. दुकानदार बसाप्पा, साठीचा, दोरखंडं विकणारा. पहिल्या दणक्यातच तो पोत्यांवर पडला. मार खाणारा माणूस हात तोंडावर घेतो, डोक्यावर घेतो. हा लिंगायत माणूस, त्यानं दोन्ही हात छातीशी नेले आणि गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं. डोकं, तोंड, सगळं माझ्यासमोर उघडं टाकलं. मी त्या मुठींवर पाइप घातला. कातडी फाटली, मुठी उघडल्या नाहीत. तो डोळे मिटून कानडीत काही पुटपुटत होता, आणि ते माझ्याशी नव्हतं.

मला त्याची दया आली, असं म्हटलं तर खोटं होईल. मला त्याचा हेवा वाटला. मला कुणी असं तुडवलं तर मी हातात काय धरणार होतो? पाइप गटारात टाकला, बसाप्पाला उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथंच पोलिसांची वाट बघत बसलो. दीड वर्षाची शिक्षा झाली. ती कमीच होती.

सुटल्यावर उचगावला आलो आणि पाळकसाहेबांना, म्हणजे देवळाच्या धर्मगुरूंना, भेटलो. मला मेजावर परत बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. त्यांनी मंडळीची रीत सांगितली. मेजाच्या रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून कबुली द्यायची. मग पाळक विचारणार, कुणाची हरकत आहे का. ज्याचं वाईट केलं त्यानं हरकत घेतली, की विषय संपला. आणि त्या दिवशी ज्यानं कुणावर हात उचलला तो मेजाला बसत नाही, मग तो कुणीही असो. रागाच्या भरात, अफवेपायी घडलं, एवढं सांग म्हणजे पुरे, असा त्यांनी सल्ला दिला. मी मान डोलावली.

तो रविवार आला. पहिल्या बाकावर हनोख मास्तर बसले होते. उजवा हात मांडीवर, बोटं आत वळून वाळलेली. डावा हात कंपवातानं थरथरत होता. शेजारी त्यांचा मुलगा दानीएल, फौंड्रीत काम करणारा गडी. प्रभुभोजनात पेला हातोहात फिरतो, पण मास्तरांना तो धरता येत नसे, म्हणून दानीएलच त्यांच्या ओठांना लावायचा.

मी पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि तो हात दिसला.

"पेटीखाली चिठ्ठी न्हवती," मी म्हणालो. "मी बघिटलं हुतं. बघून मारलं."

मग दानीएल उठला. त्यानं माझी कॉलर धरून मला फरफटत अंगणात नेलं. पहिल्या बुक्कीत ओठ फाटला, दुसरीत डोळ्यापुढं अंधारी आली. मी फाटकापाशी पडलो, तशी बरगड्यांत लाथा बसू लागल्या. पाळकसाहेब थांबवायला धावले, त्यांना त्यानं ढकलून दिलं.

खरं सांगतो, मला प्रेमबिम काही वाटत नव्हतं. चीड येत होती. मारामारीच माझा धंदा होता. दानीएलचा डावा गुडघा माझ्या पायापाशी उघडा होता, एका लाथेत तो जन्माचा लंगडा झाला असता, आणि माझा पाय त्यासाठी आखडलासुद्धा. पण उलटलो की मेज गेलं. मी फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरला. लाथ बसली की मूठ आणखी आवळायचो. एक बरगडी मोडली, ती मला कळली. तेव्हा तोंडातून रक्ताबरोबर "प्रभू" असा शब्द आला. बऱ्याच वर्षांत तो पहिल्यांदा आला, आणि या खेपेला मी तो थुंकला नाही.

मास्तर पायरीवर येऊन उभे राहिले, तसा दानीएल थांबला. तो ढसाढसा रडत होता. पाळकसाहेबांनी धापा टाकत मास्तरांनाच विचारलं, तुमची हरकत आहे का.

"हरकत हाय," मास्तर म्हणाले. "अकरा वर्षं हाय आनि आजबी हाय. मी याला माफ केल्यालं न्हाय. पर मेज माझं न्हाय, प्रभूचं हाय. उठ, आत चल."

मी गज सोडला. बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

दानीएल आत आला नाही. त्यानं हात उचलला होता, रीत त्यालाही ठाऊक होती. तो अंगणातच बसून राहिला. त्यामुळं मास्तरांशेजारची जागा रिकामी होती, आणि त्यांनी मानेनं मला तीच दाखवली. भाकर आली, ती मी फाटक्या ओठानं कशीबशी चावली. मग पितळी पेला हातोहात आमच्या बाकावर आला. ओठातून रक्त थांबत नव्हतं, म्हणून मी तो तसाच पुढं करू लागलो.

"पी," मास्तर म्हणाले.

मी प्यालो. पेल्याच्या काठाला माझं रक्त लागलं. मी घाईनं बाहीनं पुसायला गेलो, तर त्यांनी थरथरत्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि पेला आपल्या तोंडाकडं ओढला. त्यांचा उजवा हात मधे माझ्या मांडीवर पडला होता. मी पेला त्यांच्या ओठांना लावला. पेला त्यांच्या दातांवर वाजला, तसा मी तो सावरून हळूच तिरका केला.

मास्तरांनी दोन घोट घेतले. डोळे मिटले, ओठ पुसले नाहीत.

"आता फुडच्याला दे," ते म्हणाले.