चटईखालची लेक

सिनेमात लांगीला तलम चटई डोक्यावरून घेऊन आईच्या दाराशी बसायचं होतं. आमची रीतच तशी, आईने चटई उचलली तर माफी. पण गोष्टीतली आई न उचलताच आत जाते. आईच्या कामाला आम्हा सामोआच्या गावकऱ्यांनी तिची सख्खी आईच दिली, मासिना. लांगीने पळून जाऊन लग्न केल्यापासून मासिना तिच्याशी बोलत नव्हती, म्हणजे शिकवायचा त्रास नाही.

समुद्रावरचा उजेड चटईवर हलत राहिला. मासिना वळली, थांबली, मागे आली आणि तिने चटई उचलली.

"किती वाळलीस गं! जेवायला घालतो की नाही तो?"

दिग्दर्शक ओरडला, "मावशी, पुन्हा घेऊ. आता उचलू नका."

"उचललेली चटई परत घालत नाहीत, बाबा. तुझी गोष्टच बदल."